पांढुर्ण्याची टॉकीज आणि जामसांवलीचा नवस

सौंसरच्या रघुनाथराव कापडवाल्यांनी आयुष्यात एकही सौदा पळवाट ठेवल्याशिवाय केला नव्हता. मग तो मारुतीशी तरी कसा करतील?

त्यांची लेक प्रतिभा. लग्नाला सहा वर्षं झालेली आणि दोनदा कूस उजवता उजवता राहिलेली. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा देवकाबाईंनी नवऱ्याला जामसांवलीला नेऊन मारुतीसमोर उभं केलं आणि सांगितलं, तुम्हाला जिवापाड आवडते ते सोडा. रघुनाथरावांना जिवापाड आवडणारी गोष्ट अख्ख्या गावाला ठाऊक होती. त्यांनी हात जोडले आणि मोठ्यानं म्हटलं की पोट्टी सुखरूप बाळंत होईपर्यंत टॉकीजमध्ये पाय ठेवणार नाही. फक्त ‘टॉकीज’च्या आधी ‘सौंसरच्या’ हा शब्द त्यांनी मनातल्या मनात घातला. जामसांवलीचा मारुती आडवा आहे. आडवा म्हणजे झोपलेला, असा हिशेब त्यांनी केला असावा.

महिना कसाबसा निघाला. मग दर गुरुवारी त्यांना पांढुर्ण्याच्या ठोक व्यापाऱ्याकडे नवीन माल पाहायची निकड वाटू लागली. जाताना पिशवी रिकामी असे, येताना तीत संत्री असत. कापडाचा नमुना म्हणाल तर चिंधीही नसे. देवकाबाई संत्री मोजून घेत आणि काही विचारत नसत. त्यांचं स्वतःचंच दुखणं होतं. पित्त वाढलं म्हणून त्यांनी चहा बंद केला होता. दिवसाला पाच वेळा बशीनं चहा पिणारी बाई. रघुनाथरावांना वाटलं, वय झालं.

पांढुर्ण्याच्या मेन रोडवरची मनोहर टॉकीज म्हणजे मुळात इंग्रजांच्या वेळचं सरकीचं गोदाम. त्याला पडदा लावला, मागं लाकडी बाल्कनी ठोकली, बायकांच्या बाजूला कापडी आडोसा केला, की झाली टॉकीज. चाळीस वर्षं झाली तरी उन्हाळ्यात भिंतींना सरकीचा वास सुटे. खुर्च्यांत ढेकूण होते, पण ते सगळ्यांना सारखेच चावत, त्यामुळे तक्रार नव्हती. कुणाच्या घरून निरोप आला की मॅनेजर तुळशीराम काजळी धरलेल्या काचेवर सुईनं नाव कोरून मध्यंतरात ती पडद्यावर दाखवी. गावातल्या निम्म्या मंडळींची चोरी या काचेनंच उघडी पाडली होती.

त्या गुरुवारी मध्यंतर झालं. दंतमंजनाची जाहिरात गेली, साड्यांच्या दुकानाची गेली आणि मग हातभर अक्षरांत उमटलं : ‘सौंसरवाले रघुनाथराव बाहर आएँ। घर से फोन।’

रघुनाथराव आधी खुर्चीत खाली सरकले. माणूस पकडला गेला की आधी तोंड लपवतो. घरचं काय झालं असेल हे त्याला नंतर सुचतं. त्यांना ते सुचलं आणि शेंगदाण्याचा पुडा खुर्चीवर टाकून ते उठले. प्रतिभाला अजून तीन आठवडे होते. पोरगी माहेरी ठेवून आपण इथं बसलो होतो.

तुळशीरामच्या खोलीत फोन होता, पण लाइन गेली होती.

“बाईमाणसाचा आवाज होता,” तुळशीराम म्हणाला. “‘पोरगी’ ऐकू आलं, मंग ‘लवकर’ ऐकू आलं. बाकी सारी खरखर, जी.”

एवढ्या दोन शब्दांत रघुनाथरावांनी सगळं वाईट मांडून पाहिलं. बसमध्ये खिडकीशी बसून ते ओठ हलवत होते. शेजारच्याला वाटलं, म्हातारा स्तोत्र म्हणून राहिला. तो सौदा चालला होता. आधी पांढुर्ण्याची टॉकीज सोडली. मोहगाव येता येता नागपूरच्याही सोडल्या. जामसांवलीचा फाटा आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा मनात एकही शब्द चोरून न ठेवता म्हणून टाकलं, आता कुठलाच सिनेमा नाही, पोरगी वाचव.

सौंसरला उतरून घरापर्यंत ते जवळजवळ पळालेच. दार सताड उघडं होतं. आत माणसांचा आवाज नव्हता. त्यांचे पाय उंबऱ्याशीच अडले.

ओसरीत भिंतीला टेकून देवकाबाई बसल्या होत्या. हातात बशी. फुंकर घालून त्या चहा पीत होत्या.

त्या बशीकडे पाहता पाहता रघुनाथरावांच्या लक्षात येऊ लागलं, आणि ते तिथंच खाली बसले.

“नात झाली,” देवकाबाई म्हणाल्या. “दोघी चांगल्या हाय. झोपल्या आत. आवाज नका करू.”

त्यांनी बशीकडे बोट केलं. “तुह्यं पित्त?”

“कायचं पित्त. तुमच्या नवसाच्या भरोशावर मी पोरीले सोडणार होती का? त्याच दिवशी मारुतीले सांगितलं, या माणसाचं काही खरं नाही, नवसाले माहा चहा धर.”

“म्हणजे तुले माहीत होतं.”

“दर गुरुवारी झोपेत गाणे म्हणता तुम्ही.”

रघुनाथरावांनी खाली मान घालून बसमधला सौदा सांगितला. मुदत घालायची राहून गेली, हेही सांगितलं. एवढा पक्का व्यापारी, पण आवाज रडवेला झाला होता.

देवकाबाईंनी उरलेला घोट घेतला. “पोरगी झाली दुपारी बाराले. फोन लागता लागता दोन वाजले, अन् तुम्ही बसमध्ये बोलले त्याच्याही मागून. घरात माल येऊन पडल्यावर बयाणा घेईल, असा नाही तो मारुती.”

रघुनाथरावांनी हे दोनदा तपासून पाहिलं. सौद्यात कुठंच खोट नव्हती. छातीवरून गाठोडं उतरावं तसा त्यांनी श्वास सोडला आणि नात पाहायला उठले.

“मध्यंतरानंतर काय होते त्याच्यात?” मागून देवकाबाईंनी विचारलं.

“पाहिलंच कुठं.”

“मंग बारसं झालं की दोघं जाऊ. आधी जामसांवली, मंग पांढुर्णा.”

“तोवर सिनेमा बदलते.”

“बदलू द्या,” म्हणत देवकाबाईंनी किटलीतला चहा पुन्हा बशीत ओतला.