पिळ्याचं दुसरं टोक

फार वर्षांपूर्वी रंगारणीची तान्ही गेली, तेव्हा अंगणातून एक आवाज आला होता. शब्द परके, सूर मात्र कुशीत घेणारा.

"आपला परमुलखी गडी गातोय," नवरा म्हणाला होता. "त्यांच्यात गेलेल्याला वाटेवर एकटं सोडत नाहीत म्हणे."

आज तोच गडी आरोपीच्या पिंजऱ्यात होता आणि त्याच नवऱ्याच्या खुनाचा खटला चालला होता.

"प्रेतापाशी बसून हा गात होता!" सरकारी वकील गरजले. "आणि हात लाल!"

"लाल हातांना फाशी, तर अख्खी रंगारआळी टांगा की!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"गप रे! आपल्यांची गोष्ट वेगळी. हे लोक खाल्ल्या घरचे वासे मोजणारे!" दुसरा कुणी ओरडला.

रंगारीण साक्षीला उभी राहिली. बाकावरून धाकट्या दिरानं डोळे वटारले. सकाळीच त्यानं बजावलं होतं, "वहिनी, विचारतील तेवढंच बोला. परक्यासाठी घराची शोभा नको."

"बाई, गाणं ऐकलंत?" वकिलांनी विचारलं.

"ऐकलं."

"आणि नवरा पडल्याचा आवाज?"

"तोही."

"आधी गाणं, मग आवाज. बरोबर?"

बरोबर? आळीत सगळे तसंच सांगत होते. ऐकून ऐकून तिलाही तसंच आठवू लागलं होतं. मधेच वाटे, नाही, उलटं. मन म्हणजे ओल्या सुताचा गुंता. ओढावं तेवढा घट्ट, टोक काही सापडेना.

"बाई?"

तिची बोटं आपोआप वळली. विहिरीपाशी, रंगातून काढलेली सुताची ओली लड. एकट्यानं ती पिळता येत नाही. एक टोक एकानं धरायचं, दुसरं दुसऱ्यानं, आणि उलट दिशांनी पीळ द्यायचा. हात पिळत होते, लाल पाणी गळत होतं, तेवढ्यात आत धप्पकन...

"वहिनी!" दीर अर्धवट उठला.

"साहेब," ती न्यायाधीशांकडे वळली, "ते पडले तेव्हा मी लड पिळत होते. दुसरं टोक या गड्याच्या हातात होतं. आम्ही दोघंही धावलो. आतल्या पायऱ्या ओल्या होत्या, ते एकटेच घसरले. गाणं नंतरचं." तिनं पिंजऱ्याकडे पाहिलं. "माझ्या तान्हीलाही यानंच असं पोचवलं होतं."