काकवीचा मंत्र

फ्रीगंज मोहल्ल्यात आमच्या अंगणात उभं राहायला जागा नव्हती. मध्य भारताचा मध्य प्रदेश झाला, ते साल. एक साधूबाबा माझ्या नणंदेच्या, कुसुमच्या कानात मंत्र फुंकायचा आणि उभी पोर धाडकन खाली!

"देखो, भैरव उतर आए!" बाबा गरजायचा. "ये नींद नहीं, भैरव का बुलावा है! डाक्टर क्या खाक समझेगा!"

बायका पदर पसरायच्या.

आणि हे सगळं माझ्यामुळे.

कुसुम दिवसा कुठेही झोपायची. पोळ्या लाटताना, वर्गात, टांग्यात. शेजारणी आळशी म्हणायच्या. मला आला राग, त्यात थापा मारायची खोड. नळावर सांगून टाकलं, "अगं, झोपली की भैरवबाबा बोलतात तिच्याशी!"

आठवड्यात हा बाबा दारात. त्याला चहा पाजून मीच सांगितलं, खूप हसली की गुडघ्यांतलं बळ जाऊन ती कोसळते. कशाला हसते तेही सांगितलं. आमच्या सासऱ्यांनी, तात्यांनी, एकदा तेल समजून डोक्याला काकवी चोळली होती.

आता तात्या तिला बाबाच्या मठात धाडायला निघाले. आणि तिची शिक्षिका होण्याची परीक्षा आठ दिवसांवर!

"वहिनी," कुसुम म्हणाली, "पडले तरी मला सगळं ऐकू येतं. तो मंत्र म्हणतच नाही. 'तात्याजी, काकवी' म्हणतो. त्याला कोणी सांगितलं गं?"

"मीच गं," मी म्हटलं आणि सगळं कबूल केलं.

मग आम्ही दोघींनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी भर गर्दीत मी म्हटलं, "बाबाजी, आज मंत्र मी देते." आणि कुसुमच्या कानात म्हटलं, "काकवी."

कुसुम पडली. तिला मी धरणार होते. पण लोकांची तोंडं बघण्याच्या नादात हात उशिरा पोचला, आणि तिची हनुवटी पायरीवर आपटली.

"तो क्या बहूजी में भी भैरव हैं?" कोणीतरी विचारलं.

"काही भैरव नाही!" मी रडत ओरडले. "काकवी, एवढाच मंत्र! मीच सांगितला. भैरवाची थापही माझीच!"

बाबा खडावा हातात घेऊन पसार.

हनुवटीला टाके घालता घालता डॉक्टर श्रीपाद आमच्या तात्यांना म्हणाले, "हा झोपेचा आजार आहे. दिवसा झोप आवरत नाही, हसताना अंगातला जोर जातो. मुळातून जात नाही, पण सांभाळता येतो." सकाळी घ्यायला जागं ठेवणारी गोळी दिली, दिवसातून दोनदा घड्याळ लावून वीस मिनिटं झोप सांगितली.

कुसुम पास झाली. माधव नगरच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. मधल्या सुट्टीत टेबलावर डोकं टेकायची, पोरं चिडीचूप.

पोरांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, याला हे कोणी सांगितलं? आणि झोपणाऱ्याला आळशी म्हणू नका, देवही करू नका. डॉक्टरकडे न्या.

कुसुम अजूनही हसते. मी आधी तिच्या हनुवटीवरची खूण बघते. आणि आता हात वेळेवर पुढे करते.