एकशे चौतीस मिनिटांचा दाखला

मी एक जुना रेल्वे-पास आहे. माझी मुदत संपून नऊ वर्षे झाली, तेव्हा मला दाखवून आता कोणालाही गाडीत बसता येणार नाही. पण मित्रांनो, माझेही दिवस होते. एका महिन्यातले कोणतेही सहा दिवस निवडायचे, आणि त्या दिवशी वाटेल त्या देशात, वाटेल तितक्या गाड्यांत बसायचे, एवढी माझी ताकद होती.

माझा जन्म चेक देशातल्या चेस्का त्रेबोवा स्टेशनच्या तिकीट खिडकीत झाला. या गावात घरटी एक माणूस रेल्वेत असतो. माझ्यावर क्वेता शिंडेलारोवा हे नाव छापले गेले, आणि लगेच दुसऱ्या कागदावर बोहुमीर शिंडेलार हे तिच्या नवऱ्याचे. तो माझा जुळा भाऊ. बोहुमीर अडतीस वर्षे गाड्यांवर गार्ड होता आणि नुकताच निवृत्त झाला होता.

खिडकीतला माणूस त्याला म्हणाला, "काय गार्डसाहेब, तुम्ही चक्क प्रवासी?"

"हिला समुद्र बघायचाय," बोहुमीर म्हणाला.

"एकोणीसशे एक्याऐंशीपासून बघायचाय," क्वेता म्हणाली. "तेव्हा घाई नाही."

माझ्या पोटात एक तक्ता होता. प्रत्येक गाडी त्यात शाईने लिहायची असते: तारीख, सुटण्याची वेळ, कुठून, कुठे. हे काम बोहुमीरने दोन्ही पासांसाठी आपल्याकडे घेतले. तो गाडीत बसे, टोपण काढलेले पेन हातात धरी आणि थांबे. चाक हलले की घड्याळ बघे आणि मग वेळ लिही. गार्ड अशीच नोंद करतो, गाडी खरोखर हलली ती वेळ. वेळापत्रकात नऊ दोन असेल आणि गाडी नऊ तीनला हलली, तर माझ्यावर नऊ तीन. त्याचे अक्षर इतके नीट होते की सरहद्दीवरच्या एका पांढऱ्या मिशीच्या तिकीट तपासनिसाने मला उजेडात धरून पाहिले आणि म्हणाला, "आजकाल असं कोण लिहितं!" त्या दिवशी मला फार बरे वाटले. एका मिनिटाचा फरक कोणीच मोजला नाही.

चौथ्या दिवशी मात्र घोटाळा झाला. डोंगरातल्या एका स्टेशनावर समुद्राकडे जाणारी आमची गाडी दोन अडतीसला सुटायची, ती सुटेचना. इंजीन बिघडले होते. क्वेताने घरून आणलेले तळलेले मांसाचे काप पावात घालून दोघांनी खाल्ले, काकडीचे लोणचे संपवले, शेजारच्या बाईंना सफरचंद दिले, तरी गाडी जागची हलली नाही. बंदरावरून बेटाकडे जाणारी शेवटची बोट साडेपाचची होती. तीत त्यांची जागा होती आणि बेटावर खोली ठरलेली होती.

तपासनीस मुलगी डब्यातून गेली तेव्हा क्वेता उठली. "तिच्याकडून उशिराचा दाखला घेते. पासवाल्यांनाही भरपाई मिळते, पासाच्या कव्हरावर लिहिलंय."

बोहुमीरने तिची बाही धरली. "राहू दे गं. सकाळपासून शिव्या खातेय ती पोर. तू आणखी कागद मागू नकोस."

"मी शिवी देत नाहीये. कागद मागतेय."

"तेच तिला जड जातं. मला विचार."

क्वेता बसली. चाक हलले, बोहुमीरने घड्याळ बघितले आणि माझ्यावर सुबक अक्षरात लिहिले: चार बावन्न.

बोट गेली. समुद्राचे तीन दिवस ठरले होते, त्यांचे दोन झाले. ते दोन दिवस क्वेताने पाण्यात पाय सोडून घालवले. मी तिच्या पिशवीत होतो, मला नुसता आवाज ऐकू येत होता. तेवढ्यावर मी खूश होतो.

घरी आल्यावर क्वेताने भरपाईचा अर्ज मागवला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती चष्मा लावून बसली. बोहुमीर दारात उभा राहिला.

"किती मिळणार?" त्याने विचारले.

"पासाच्या एका दिवसाच्या किमतीतला थोडा भाग. आपलं दोघांचं एक वेळचं जेवण होईल, तेही बिअरशिवाय."

"मग एवढ्यासाठी आपल्याच माणसांवर अर्ज करायचा?"

"तुझी माणसं ती. मी फलाटावरची." तिने पेन खाली ठेवले. "बोहूश, तेवीस नाताळांना सणाचा कार्प मासा ताटात थंड झालाय माझ्या. पोरं विचारायची, बाबा कुठवर आले? मी म्हणायची, येतील, सिग्नल मिळाला की येतील. एकदा तरी रेल्वेने मला लिहून द्यावं की हो बाई, तुम्ही थांबला होतात. मला तेवढंच हवंय. पैसे चर्चच्या पेटीत टाक हवं तर."

बोहुमीर दारातून बाजूला झाला. पण त्याने माझ्या जुळ्या भावाला अर्जासोबत दिले नाही. मी एकटाच पाकिटात गेलो.

भरपाईच्या कार्यालयात मी ट्रेमध्ये पडून होतो, माझ्यावर दुसऱ्यांचे अर्ज रचले जात होते. मित्रांनो, जो कागद रोज दहा हातांत फिरला, त्याला असे पडून राहणे सोसत नाही. पाच आठवड्यांनी मी घरी परत आलो. सोबत पत्र होते: आपल्याच नोंदीप्रमाणे आपण चार बावन्नच्या गाडीत बसलात. अशी कोणतीही गाडी वेळापत्रकात नाही. उशिराचा दाखलाही जोडलेला नाही. ज्याने नोंद केली त्याने दोन आठवड्यांत लेखी खुलासा करावा, नाहीतर अर्ज रद्द समजला जाईल.

मला शरम वाटली. ते सुंदर चार बावन्न माझ्याच अंगावर होते.

क्वेताने पत्र नवऱ्यापुढे ठेवले. "हलली ती वेळ लिहिलीस तू. छापलेली वेळ लिहायची होती."

"छापलेली वेळ खोटी होती," बोहुमीर म्हणाला.

"मग ते त्यांना लिही."

"म्हणजे गाडी उशिरा सुटली हे मी सही करून द्यायचं."

"सुटली नव्हती का?"

"सुटली होती."

क्वेताने पुढे आग्रह केला नाही. ती माझ्यावर मीठदाणी ठेवून बाजारात गेली. रोज ती मला पुसून पुन्हा तिथेच ठेवी, आणि रोज बोहुमीर माझ्याकडे न बघता सूप पिई. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी सकाळी ती बटाटे आणायला गेली, तेव्हा त्याने दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला आणि कोरा कागद घेतला. मी शेजारीच होतो. त्याने लिहिले ते असे:

'मी, बोहुमीर शिंडेलार, निवृत्त गार्ड, सेवा अडतीस वर्षे, लिहून देतो की दोन अडतीसची गाडी चार बावन्नला हलली. उशीर एकशे चौतीस मिनिटे. मी स्वतः गाडीत होतो. नोंदीची चूक माझी. दाखला मागण्यापासून प्रवासी बाईंना मीच अडवले. त्यांचा काही दोष नाही.'

तो थांबला. पेनाला टोपण लावले, पुन्हा काढले. मग खाली आणखी लिहिले:

'याच प्रवासी बाईंना माझ्या नोकरीच्या काळात माझ्यामुळे झालेला उशीर वरील आकड्यात धरलेला नाही. त्याची नोंद कुठेही नाही. तो झाला, हे मी मान्य करतो.'

त्याने सही केली, क्वेता येण्यापूर्वी आम्हाला पाकिटात घातले आणि स्वतः टपालात टाकून आला.

उत्तर महिन्याभराने आले. चुलीवर बटाटे शिजत होते, बोहुमीर कढई घासत होता; क्वेताने ते उभ्यानेच मोठ्याने वाचायला घेतले. "पहिल्या परिच्छेदातील उशीर मान्य आहे, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत." ती थांबली. "पहिला परिच्छेद? दुसरा कुठला?" मग पुढे वाचले. "दुसऱ्या परिच्छेदातील उशीर आमच्या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. त्यासाठी कृपया संबंधित व्यक्तीकडे थेट मागणी करावी."

पाकिटात माझ्यासोबत बोहुमीरच्या खुलाशाची प्रत होती. ती तिने मनातल्या मनात वाचली. दोनदा वाचली. चष्मा काढला, पदराने पुसतात तसा झग्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला.

"काय लिहितोस रे सरकारी कागदावर," ती म्हणाली.

"जे झालं ते."

"थेट मागणी करावी म्हणतात."

"अर्ज कुठल्या नमुन्यात लागेल?"

"तोंडी चालेल. ती कढई ठेव खाली आणि बस इथं."

"किती वेळ?"

"मी उठ म्हणेन तेव्हा उठायचं."

तो बसला. ती त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. चुलीवरचे बटाटे शिजून फुटले, तरी कोणी उठले नाही.

त्यानंतर मी खणात गेलो, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. घरी तुमच्यासाठी कोणी थांबले असेल, तर त्यांना उशिराचा दाखला द्या. सबबी लिहू नका, किती मिनिटे ते लिहा आणि खाली सही करा. बोहुमीरला तो द्यायला अडतीस वर्षे आणि वर बारा दिवस लागले, तरी क्वेताने तो घेतला.