वरची खुंटी

मित्रांनो, मी एक जुना सागवानी स्टँड आहे, टोप्या अडकवायचा. माझ्या चार खुंट्या एका उंचीच्या, आणि पाचवी त्यांच्यावर एकटीच. ही वरची कुणासाठी, याचं मला पहिल्यापासून भारी कुतूहल.

सुताराने मला घडवलं आणि सैन्य खात्याच्या मंत्र्यांच्या खोलीत माझी नेमणूक झाली. तिथली रीत अशी, की आत येणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याने आधी टोपी खालच्या खुंटीवर ठेवायची आणि मगच बसायचं. वरची खुंटी मंत्र्यांची. आमच्या मंत्री पूर्वी शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना 'बाई'च म्हणत. त्यांच्याकडे टोपी कुठली? त्या आपली विटकी छत्री वर अडकवायच्या.

नवे सेनापती पहिल्यांदा आले तेव्हा शिपाईमामांना म्हणाले, "काय हो मामा, छत्री वर अन् आमची टोपी खाली?"

"साहेब, तुमची नेमणूक झालीय. छत्री निवडून आलीय!"

सेनापती खो खो हसले. मला मात्र काही उमगलं नाही.

त्या खोलीत जवानांच्या बुटांपासून जखमींच्या दवाखान्यांपर्यंत सगळ्याचा विचार व्हायचा. लढायचं कसं, ते सेनापती सांगत. लढायचं की नाही, ते बाई आणि त्यांचं मंत्रिमंडळ ठरवी.

एके दिवशी समोरचा चौक माणसांनी भरून गेला. गिरणी बंद पडणार म्हणून कामगार बायकापोरांसह येऊन बसले होते. सेनापती तडक आत आले. टोपी डोक्यावरच!

"बाई, हुकूम द्या. घटकाभरात चौक मोकळा करतो."

"चौकात शत्रू आहे का?"

"नाही, पण सरकारची शोभा होतेय!"

"मग शोभा मी सांभाळते. तुम्ही सीमा सांभाळा. सैन्य हलणार नाही."

"आणि मी ऐकलं नाही तर?"

बाईंनी फक्त छत्री काढली. "बाहेर ऊन फार आहे," म्हणाल्या आणि एकट्याच लोकांशी बोलायला खाली गेल्या.

सेनापती खिडकीपाशी गेले. खाली गर्दीत ती विटकी छत्री हळूहळू पुढे सरकत होती. मेजावर टेलिफोन होता. एक शब्द पुरे होता. ते टेलिफोनकडे वळले, थांबले, मग माझ्यासमोर आले. त्यांनी टोपी काढली. वरची खुंटी रिकामी होती, हात सहज पोचला असता. माझा जीव खुंटीएवढा झाला!

त्यांनी टोपी खालच्या खुंटीवर ठेवली आणि बाईंची वाट पाहत बसले.

त्या दिवशी मला माझी उंची कळली, मित्रांनो.

आता मी जिन्याखाली पडून आहे. पॉलिश उडालंय, कोणीही झाडू टेकवून जातं. त्याचं काही नाही. पण वरची खुंटी हलायला लागलीय. येता-जाता कुणीतरी तेवढी ठोकून घट्ट करा. ती तुमचीच आहे.