कोपऱ्यातली करडी अक्षरं

या, खुर्ची ओढा. एका फोटोवाल्याची गोष्ट सांगतो. शेवटी तुम्हाला एक काम पण सांगणार आहे, आधीच कानावर घालून ठेवतो.

दुकान एकाच खोलीचं. पुढे फोटोवाला, पडद्यामागे त्याची थोरली बहीण. शाळेच्या गणवेशांचे बिल्ले ती भरतकामाच्या मशिनवर भरते. मशिनला कॉम्प्युटर लागतो, म्हणून भावानं आपला जुना तिला दिला. "घे ताई, आजपासून तुझा!" चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला. भाव खायचा तर साक्षीदार नकोत का?

मग एकेक भाग आणून स्वतःसाठी नवा जोडला. बोर्ड आणला, पंखे आणले, लाल-निळे दिवेसुद्धा आणले, आणि सिस्टिमचं लायसनच विसरला. कॉम्प्युटर चालला, पण स्क्रीनच्या कोपऱ्यात करडी अक्षरं येऊन बसली, सिस्टिम सक्रिय करा म्हणून. फोटो कुठलाही उघडा, ती वर आहेतच.

पासपोर्टच्या फोटोला आलेल्या एक बाई म्हणाल्या, "हे माझ्या खांद्यावर छापून येणार का हो?"

"नाही हो, ते नुसतं स्क्रीनवर."

"मग पुसा की."

पुसता कुठं येत होतं! बाई उठून दुसऱ्या दुकानात गेल्या. त्या आठवड्यात असं गेलेलं ते तिसरं गिऱ्हाईक.

त्याला आठवलं, जुन्या कॉम्प्युटरात सिस्टिम दुकानातूनच भरून आली होती. डब्याच्या कुशीला लायसनच्या नंबराचा स्टिकर होता. पडदा सारून आत गेला.

"ताई, तो स्टिकर हवाय."

"दिलेलं परत मागतोस होय रे?"

"कॉम्प्युटर राहू दे. नंबर तेवढा."

"म्हणजे सदरा मला, गुंड्या तुला." तिनं टाके उसवायचं हत्यार पुढे केलं. "घे. उसवायचंच तर नीट उसव."

नखभर कोपरा फाटला, बाकीचा निघाला. नंबर नव्यात घातला, नवा काही घेईना. शेवटी कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला, स्पीकर चालू ठेवून.

तिकडची बाई म्हणाली, "सर, हे लायसन त्या कॉम्प्युटरसोबतच आलेलं आहे. त्याचा बोर्ड जळला म्हणून बदललात का? तसं असेल तर बघता येईल. की जुना चालू आहे अजून?"

पडद्यामागे मशिन खटखट चाललेलं. 'जळला' हा शब्द त्याच्या ओठांवर आलाच होता, पण ती खटखट फोनात जात असणार.

तेवढ्यात खटखट थांबली.

अर्ध्या बिल्ल्यावर ताई मशिन कधी थांबवत नाही. बिल्ला वाया जातो. त्यानं फटीतून पाहिलं. मशिन बंद, कॉम्प्युटरही बंद. ताई हात मांडीवर ठेवून सुईकडे बघत बसलेली.

"सर? आहात ना?"

"चालू आहे," तो म्हणाला. "बहिणीकडे आहे. तिचाच आहे तो."

"मग लायसन त्याचंच, सर. नव्याला नवं घ्यावं लागेल."

त्यानं फोन ठेवला. "ताई, कर चालू."

"बिल्ला घालवलास माझा, बावळटा," पडद्यामागून आवाज आला. मग खटखट.

स्टिकर त्यानं चिकटपट्टीनं परत लावला. जरा तिरका बसलाय.

नव्या लायसनला अजून महिना तरी लागेल, कारण खिसा त्या लाल-निळ्या दिव्यांनीच रिकामा केलाय. तर आता काम सांगतो. पासपोर्टचे फोटो काढायचे असतील तर त्याच्याकडेच जा. कोपऱ्यात ती अक्षरं दिसतील. दिसू द्या. तुम्ही हनुवटी वर करा, आणि तोंडातून त्याबद्दल एक अक्षर काढू नका.