पाच किलो आठशे

वासंतीबाईंनी जाहीर केलं की आपण एकट्याने, सावकाश, बसने आणि बोटीने अबुधाबीपलीकडच्या दलमा बेटावर जाणार, तेव्हा दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्यांच्या घरात कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं. उपेंद्रराव जबल अलीच्या गोदामातून नुकतेच आले होते, ते नुसतं "बरं" म्हणाले. मुलगी मिहिका फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "आई, यू? विथ वन बॅग? यू विल पॅक द फ्रिज ऑल्सो."

हे बाईंना झोंबलं, कारण ते खरं होतं. सव्वीस वर्षं दुबईत काढून त्यांनी प्रवास केला तो एकच: जुलैत विमानाने मुंबई, तिथून पनवेल. माणशी तीस किलो. काटा तीसला टेकला नाही तर त्यांना चुकल्यासारखं व्हायचं. मग उरलेल्या जागेत दुधाची पावडर, चॉकलेटं, बाम, शिवाय बिल्डिंगमधल्या बायकांची पार्सलं. पनवेलला रिक्षा थांबली की आधी बॅग घरात जायची, मग वासंतीबाई.

येत्या जूनमध्ये उपेंद्रराव निवृत्त होणार होते. व्हिसा संपणार, दोघं कायमचे परत. बातमी पसरली तशी पार्सलं बंद झाली. "तुमचंच सामान केवढं असेल, वहिनी," म्हणत बायका मागे सरल्या. सुटले एकदाची, म्हणून बाईंनी हुश्श केलं आणि चार दिवसांनी त्यांना स्वयंपाकघरात रडू कोसळलं. इतकी वर्षं पनवेलला लोक वाट बघायचे ती आपली की बॅगेची? रिकाम्या हातांची वासंती कुणाला हवी असेल का? जूनच्या आत एकदा रिकाम्या हातांनी कुठेतरी जाऊन बघायचं त्यांनी ठरवलं. म्हणून हे बेट. तिथे त्यांना काळं कुत्रं विचारणार नव्हतं.

कपडे साधे हवेत, हे पक्कं होतं. साधेपणासाठी त्या थेट दुबई मरीनाला गेल्या आणि पांढऱ्या लिननचा सैल सदरा-पायजमा घेऊन आल्या. तीनशे ऐंशी दिरहम. "म्हणजे नऊ हजार!" असं त्या ट्रायल रूममध्ये मोठ्याने म्हणाल्या आणि तरीही घेतला, कारण आरशातली बाई भलतीच विचारी दिसत होती. घरी सेलमधला म्हणून सांगितलं. दोन कुर्ते, टॉवेल, चपला भरून बॅग हातकाट्याला टांगली. पाच किलो आठशे. फोटो मिहिकाला गेला, उत्तर आलं, "रिस्पेक्ट."

तिथेच थांबायला हवं होतं. पण पाच आठशेचा आकडा बघून त्यांच्या हातांना चैन पडेना. चोवीस किलो फुकट चालले होते! आधी चॉकलेटची दोन पाकिटं घातली, असू देत म्हणून. मग पावडरचे दोन डबे. मग सहा बाम, डझनभर साबण, खजुराचा खोका. लहान बॅग पुरेना, तेव्हा माळ्यावरून मोठी काढली. कुणासाठी भरताय, असं कुणी विचारलं असतं तर बाईंना सांगता आलं नसतं. दुसऱ्यांदा वजन केलं, त्याचा मात्र फोटो काढला नाही.

इब्न बतूताच्या स्टॉपवरून बसने अबुधाबी, तिथून रुवैस, पुढे टॅक्सीने बोटीचा धक्का. सावकाश प्रवासात म्हणे माणसाने आजूबाजूला बघायचं असतं. बाईंनी दिवसभर बॅगच बघितली. ती बसच्या पोटात ढकलायची, ओढून काढायची, फूटपाथवर चढवायची. लिनन इतकं चुरगळतं हे दुकानातल्या मुलीने सांगितलं नव्हतं. बोटीत बसून त्यांनी उपेंद्ररावांना फोनवर "मजेत आहे" असं सांगितलं, तेव्हा त्या घामाने निथळत होत्या.

मराठी ऐकून शेजारची बाई जवळ सरकली. खैरुन्निसा तिचं नाव, माहेर श्रीवर्धन. नवऱ्याचं, यूनुसभाईंचं, दलम्यावर किराणा दुकान होतं. तिने बाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हळूच विचारलं, "घरात कुणी गेलं का, ताई?"

"कुठे गेलं?"

"म्हणजे... पांढरे कपडे, एकट्याच, तोंड असं उतरलेलं. मला वाटलं, मय्यत."

नऊ हजारांचा साधेपणा तिथेच बसला. बाईंना आधी राग आला, मग हसू फुटलं.

"नाही हो, मी फिरायला आलेय."

"कुणाकडे?"

"कुणाकडेच नाही."

हे खैरुन्निसाला काही केल्या पटेना. बोट लागली तसा तिने बॅगेचा दुसरा बंद धरला आणि खालीच ठेवला. "या अल्ला! कुणाकडेच नाही आणि एवढं काय नेताय?"

मग धक्क्यावर भर उन्हात बॅग उघडावी लागली. डबे, बाम, साबण, खजूर. खैरुन्निसा बघत राहिली. "हे सगळं आमच्या दुकानात मिळतं," ती म्हणाली. "पण आहे कुणासाठी?"

"माहीत नाही," वासंतीबाई म्हणाल्या. "मला रिकाम्या हातांनी कुठे जाताच येत नाही. कुणी घरात घेईल असं वाटतच नाही."

खैरुन्निसाने बॅगेची चेन ओढली. "खलास. ही दुकानात राहील. तुम्ही जेवायला या."

बाई गेल्या. जाताना चॉकलेटचं एक पाकीट सदऱ्याखाली लपवून नेलं, ते दारातच पकडलं गेलं आणि फडताळावर ठेवलं गेलं. जेवायला हमूर माशाचं कालवण होतं. पहिल्याच घासाला ते लिननवर सांडलं, मग बाई खैरुन्निसाच्या फुलाफुलांच्या सुती गाऊनमध्ये बसून जेवल्या. अख्ख्या प्रवासात त्यांना वारा लागला तो त्या गाऊनमध्ये. संध्याकाळी दोघी समुद्रावर नुसत्या बसल्या, काहीही न करता. लॉजमधली खोली आगाऊ घेतली होती, तिथे बाई झोपण्यापुरत्याच गेल्या.

दुसऱ्या दिवशी डबे, बाम, साबण, खजूर यूनुसभाईंच्या फळीवर विकायला लागले होते. रिकाम्या बॅगेत कुर्ते आणि पिवळा डाग पडलेलं लिनन घेऊन बाई धक्क्यावर आल्या. गाऊन अंगावरच होता, खैरुन्निसाने तो परत घेतला नाही. आता ही श्रीवर्धनचं पार्सल काढेल, म्हणून बाई थांबल्या. काही निघेना, तेव्हा त्यांनीच विचारलं, "जूनमध्ये जातेय मी. पनवेलहून श्रीवर्धन लांब नाही. तुमच्या अम्मीला काही पाठवायचंय?"

"पाठवायचंय ना. तुम्हालाच," खैरुन्निसा म्हणाली. "जाऊन तिच्याजवळ बसा थोडा वेळ. माझ्याकडे बसलात तशा. आणि हे बघा, काहीएक न्यायचं नाही. कसम आहे."

वासंतीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी शपथेवर मान डोलावली आणि बोटीत जाऊन खिडकीशी बसल्या. बेट दिसेनासं होईपर्यंत त्या बाहेर बघत होत्या. मग त्यांनी डोळे पुसले, आणि अम्मीचे गुडघे दुखत असतील तर बाम दोन न्यावेत की तीन, याचा विचार करू लागल्या.