सुई काढू नका

मुलीचं मत

"भंगारात द्या," लिफ्टमनची मुलगी फोनवर म्हणाली. "आईच्या त्या शिलाई मशीनपेक्षा तुमची कंबर महाग आहे, बाबा."

एवढंच. तिला कामावर जायचं होतं.

शेजारणीचं मत

ती दुसऱ्या मजल्यावरची. जिन्यात भेटली की सोडत नाही.

"टेलरीणबाईंच्या हातात दोष नाही हो. मशीनच म्हातारी झाली. माझ्या पोराच्या शर्टाला दोन डाव्या बाह्या लागल्यात. आता बाह्या कापायचं कामही मशीनच करते का, ते मात्र मला विचारू नका."

लिफ्टमन हसला. शर्ट खरंच गमतीशीर दिसत होता.

जिन्याचं मत

जिन्याला कोणी विचारलं असतं तर तो सरळ नाही म्हणाला असता. मशीनचं बिडाचं काळं डोकं, बाजूला चाक, आणि ते उतरवणारा कोण, तर लिफ्टमन. उभं आयुष्य एका ऑफिसच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून या माणसानं लोकांना वर-खाली केलं आणि निवृत्त होऊन राहायला आला तो बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. यावरून बायको त्याला रोज एक टोमणा मारायची. हल्ली मारत नव्हती. वयानं शहाणी झाली, असं त्याला वाटायचं. बरंही वाटायचं.

बायको म्हणजेच टेलरीणबाई. गल्लीतल्या निम्म्या अंगांवर तिचे टाके होते. पण हल्ली मशीन टाकाच धरेना. वरून दोरा जायचा, खाली गुंता व्हायचा, कापड जसंच्या तसं. लोक आपापली कापडं परत घेऊन गेले, काही गोड बोलून, काही न बोलता. आता मशीन दुरुस्त करण्याच्या लायकीची आहे की नाही, एवढं एकदा कळायला हवं होतं.

लिफ्टमननं डोकं टेबलावरून सोडवलं, जुन्या चादरीवर ठेवलं आणि सुईच्या स्क्रूला हात घातला.

"सुई काढू नका," ती म्हणाली.

"अगं, टोचेल."

"टोचू दे. आहे तशीच न्या. मिस्त्रीला दाखवा."

"तो काय डॉक्टर लागून गेला?"

"आणि तो बघेल तेव्हा समोर उभे राहा. मशीन टेकवली की निघालात चहाला, असं करू नका."

"बरं बाई, राहतो उभा."

ती दारापर्यंत आली. आणखी काही सांगायचं असावं. पण त्यानं ओझं उचललं होतं, आणि ओझं उचललेल्या माणसाशी कोणी लांबण लावत नाही.

मिस्त्रीचं मत

मिस्त्रीच्या दुकानात भिंतीला टेकून मशीनची डोकी बसली होती, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी.

"काय होतंय?"

"टाका धरत नाही."

मिस्त्रीनं चादर सोडली आणि शीळ घातली. "कोण चालवतं ही?"

"बायको."

"हात ओळखू येतो. दात बघा, कसे लख्ख. तेल वेळच्या वेळी. नाहीतर आमच्याकडे मशीन येते ती उंदराच्या बाळंतपणासकट." त्यानं चाक फिरवलं, कान लावला, खाली वाकला. आणि हसायलाच लागला. "मालक, घरात कोणी नवीन शिकतंय का?"

"का?"

"सुई उलटी बसवलीय! ही सपाट बाजू बाहेर हवी, ती आत केलीय. मग टाका कुठून धरणार? पोरी पहिल्या दिवशी करतात ही चूक. दुसऱ्या दिवशी नाही करत."

वीज गेलेली असताना, तोंडात टाचण्या धरून, नवऱ्याशी चाललेलं भांडण न थांबवता सुई बदलणारी बाई लिफ्टमनला माहीत होती.

"हो," तो म्हणाला. "आहे एक नवीन मुलगी. शिकतेय."

"तिला माझ्याकडे पाठवा, कान पिळतो." मिस्त्रीनं सुई सुलटी केली, दोरा ओवला, एका चिंधीवर चाक फिरवलं. टाके पडत गेले. सारखे, घट्ट, एकाच्या पुढे एक. त्यानं चिंधी लिफ्टमनच्या हातात दिली. "घ्या. दुरुस्त करावं असं हिच्यात काही नाहीच. तुम्हाला-मला पुरून उरेल."

लिफ्टमनचं मत

लिफ्टमनच्या धंद्याला एकच नियम असतो. आत जे बोलणं झालं ते आपण ऐकलेलं नाही. साहेब रडला, आपण वर आकड्यांकडे बघायचं. कोणी कोणाला नोकरीवरून काढलं, आकड्यांकडे बघायचं. मजला आला, दार उघडायचं.

मिस्त्रीच्या दुकानात तो वर बघू लागला. तिथं आकडे नव्हते. जाळी होती, कोळ्यांची.

दोन डाव्या बाह्या. थांबलेले टोमणे. एकाला एक लागत गेलं, त्या चिंधीवरच्या टाक्यांसारखं.

मशीन घरी नेली तर बायको शिवायला बसणार. बसली की कधी ना कधी सुई बदलणार. पुन्हा उलटी बसणार, आणि एक दिवस तिचं तिलाच कळणार. मशीनच नसली तर काय कळणार? इतकं सोपं होतं. दार बंद, विषय बंद.

"मिस्त्री, ही होत नाही, असं धरा."

"म्हणजे?"

"ठेवून घ्या. भाग सुटे करा, काहीही करा."

"अहो, चालत्या मशीनला मी मेली म्हणू? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"माझं आहे," लिफ्टमन म्हणाला.

मिस्त्रीचं हसू तोंडावरच राहिलं, मग हळूहळू उतरलं. सुईकडे त्यानं पुन्हा एकदा पाहिलं. मग स्क्रू सैल करून ती काढली आणि पुढे केली. "निदान ही तरी न्या घरी."

लिफ्टमननं ती शर्टाच्या कॉलरला टोचली. आयुष्यभर बायकोला तसंच करताना पाहिलं होतं.

टेलरीणबाईचं मत

ती मशीनच्या टेबलाशीच बसली होती. डोक्याच्या जागी चौकोनी भोक होतं, त्यातून खालचं पायडल दिसत होतं.

"आणली नाही?"

"गेली गं ती. आतून झिजलीय म्हणाला. भाग मिळत नाहीत आता."

"काय काय बघितलं त्यानं?"

"सगळं."

"सुई?"

"सुईत काय बघायचंय?"

ती उठली आणि त्याच्या कॉलरची सुई काढून घेतली. सपाट बाजूवर अंगठा फिरवला. सुई उलटी केली, पुन्हा फिरवला. पुन्हा उलटी केली.

"कितीदा काढली, कितीदा बसवली," ती म्हणाली. "उलटी बसलीय हे कळायचं हो. सुलटी कशी, ते आठवायचं नाही. तुम्हाला सांगायला गेले की तुमचं एकच, मशीन म्हातारी झाली. म्हणून म्हटलं, परक्या माणसाच्या तोंडून ऐकाल तेव्हा तरी..."

बोलायचं तर आताच होतं. मजला आला होता, आणि दार ओढायची कडी त्याच्याच हातात होती.

"छे गं," लिफ्टमन म्हणाला. "काहीतरीच तुझं. मशीनच खराब होती."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग तिनं सुई टाचण्यांच्या उशीत खोचली, पार आत, दिसेनाशी होईपर्यंत.

"असं," ती म्हणाली. "मशीनच होती तर."

पुढे कोणाचंच मत घेतलं नाही

कारण त्यानंतर घरातल्या वस्तू भराभर बिघडू लागल्या.

आधी घड्याळ. "अहो, हे भलतीच वेळ दाखवतंय." ते बिनचूक चालत होतं. लिफ्टमननं उतरवलं. मग शेगडी, तिची बटणं म्हणे कोणीतरी फिरवून ठेवलेली. मग कात्री, जी सरळ जाईना. मग फोन, कारण मुलीला लावला की त्यावर दुसरीच कुठली बाई बोलायची आणि "आई, आई" करून रडायची.

टेलरीणबाई सांगायची आणि लिफ्टमन न्यायचा. एकेक धडधाकट वस्तू जिना उतरत गेली. मिस्त्रीच्या दुकानावरून जाताना तो रस्ता ओलांडायचा. तिथं दारातच एक ओळखीचं चाक टांगलेलं होतं.

घर मोकळं होत गेलं. "आता झाडायला किती बरं," शेजारीण म्हणाली आणि जीभ चावली.

मग एकदा तो भाजी घेऊन वर येत होता. टेलरीणबाई दुसऱ्या मजल्यावर उभी होती, शेजारणीच्या दारात, हातात स्वतःची किल्ली. कुलपाभोवती ओरखडे उठले होते. आतून शेजारीण विचारत होती, कोण आहे, कोण आहे.

"अहो, बरं झालं आलात," ती म्हणाली. "कुलूप बिघडलंय बघा. किल्लीच लागत नाही."

लिफ्टमननं सवयीनं दाराच्या वर पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "बदलून घेऊ."